ट्रायपॉडवरचं जादूचं टेबल: काय टिकतं, काय डुगडुगतं

प्रयोगाला नेता येईल असं टेबल घरी बनवायचं ठरलं की बहुतेक जण आधी मखमलीचा रंग ठरवतात, मग सोनेरी किनार, आणि टेबल उभं कशावर राहणार हा प्रश्न शेवटी सुचतो. खरं तर टेबल बिघडतं ते खालूनच. फळी सहसा दगा देत नाही. दगा देतो तो स्टँड, आणि त्याहून जास्त स्टँड आणि फळी यांच्यामधला जोड. म्हणून हे परीक्षण मुख्यतः या दोन गोष्टींचं आहे. फळी कुठलाही सुतार कापून देईल.

बाजारात पाया म्हणून वापरता येतील असे चार-पाच स्टँड मिळतात. त्यांतले तीन पटकन बाजूला काढता येतात.

स्पीकर स्टँड वजन पेलण्यात सगळ्यांत दणकट. वरची नळी 35 मिमीची असते आणि तिच्यावर बसणारा धातूचा कपही वेगळा मिळतो, त्यामुळे जोड आयता तयार. पण बहुतेक स्पीकर स्टँड पूर्ण खाली आणले तरी 110 सेंटीमीटरच्या आसपासच थांबतात, आणि मिटल्यावरही लांबी मीटरच्या पुढेच राहते. टेबल छातीशी आलं की हातांच्या हालचाली उघड्या पडतात आणि पुढे जमिनीवर बसलेल्या पोरांना फळीची खालची बाजू दिसते.

कीबोर्डचा एक्स स्टँड स्थिर आहे, हवा तेवढा खाली येतो आणि त्यावर अख्खी सूटकेस उघडून ठेवता येते. स्वतःची गाडी असेल तर जरूर घ्या. दुचाकीवर किंवा लोकलमध्ये मात्र ती मीटरभर लांबीची लोखंडी कात्री सांभाळणं शिक्षाच आहे.

नोटेशन स्टँड, म्हणजे वादक पुढ्यात ठेवतात तो, नवख्यांचा लाडका, कारण त्याला वर पत्र्याची ताटली आयतीच असते. ती आडवी केली की टेबल झालं असं वाटतं. पण ती ताटली कागद धरायला केलेली असते. तिचा तिरपा होणारा सांधा फक्त घर्षणावर उभा असतो. त्यावर दोन-अडीच किलो ठेवले आणि वर हाताचा दाब आला की ती हळूच पुढे झुकते, आणि तुमच्या लक्षात येतं तेव्हा ग्लास निघालेला असतो. सांध्यातून आरपार भोक पाडून बोल्ट मारला तर ती जागेवर राहते, पण मग स्टँड मिटत नाही. तारेचे घडीचे नोटेशन स्टँड तर या कामासाठी विचारातच घेऊ नयेत.

उरतो कॅमेऱ्याचा ट्रायपॉड. घरगुती टेबलासाठी आमची पसंती त्यालाच, पण दोन अटींवर. एक, त्याचं डोकं निघालं पाहिजे. दोन, पायांना निदान तीन टप्पे हवेत आणि त्यातला फक्त वरचा एकच उघडून काम भागलं पाहिजे.

पहिली अट का? डोकं म्हणजे कॅमेरा फिरवायची आणि वाकवायची यंत्रणा. तिच्यात दोन-तीन सांधे असतात, प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई असते, आणि ही सगळी ढिलाई फळीच्या टोकाशी जाऊन मोठी होते. मध्यम दर्जाच्या ट्रायपॉडचं डोकं उलट्या दिशेने फिरवलं की निघून येतं आणि खाली 3/8 इंचाचा, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत तीन सुती, आटेदार खुंट दिसतो. आपल्याला हवा तो हाच. स्वस्तातल्या हलक्या ट्रायपॉडचं डोकं प्लॅस्टिकचं आणि कायमचं बसवलेलं असतं. फोन धरायला ते ठीक आहेत, टेबलासाठी पैसे वाया. दुसरी अट अशी, की ट्रायपॉडचा सगळ्यात खालचा पाय सगळ्यात बारीक असतो आणि थरथर तिथूनच सुरू होते. तो आतच राहिला तर तोच ट्रायपॉड वेगळाच वाटतो. मधला दांडाही वर ओढू नका. उंची पायांनीच साधा.

उंची किती हवी? सरळ उभं राहून हात सैल सोडा. मनगटाच्या हाडापासून चार बोटं वर टेबलाची कड आली पाहिजे. साधारण साडेपाच फूट उंचीच्या माणसाला हे 85 ते 90 सेंटीमीटरच्या दरम्यान येतं. ती उंची एकदा जमली की तिन्ही पायांवर नखांच्या रंगाची बारीक रेघ मारून ठेवा, दर प्रयोगाला मोजत बसावं लागणार नाही. पाय आवळायला खटके असलेले ट्रायपॉड पिळायच्या कड्यांपेक्षा बरे. कड्यांत शाळेच्या मैदानावरची माती गेली की त्या कुरकुरतात, आणि आवळल्या आहेत की नाहीत हे लांबून दिसत नाही.

आता फळी. 9 मिमीचं, म्हणजे तीन सुती, प्लायवुड. 6 मिमीची फळी मधोमध आधार असताना कडेला लवते, आणि 12 मिमीची घेतली तर याच मापात साडेचारशे ग्रॅम वाढतात आणि पदरात काही पडत नाही. माप 40 बाय 57 सेंटीमीटर. हे विचित्र वाटणारं माप निवडण्याचं कारण व्यावहारिक आहे. चित्रकलेचे विद्यार्थी खांद्यावर अडकवतात ती ए-टू कागदाची बॅग 42 बाय 59.4 सेंटीमीटरच्या कागदासाठी केलेली असते, आणि ही फळी कडेच्या पट्टीसकट तिच्यात बसते. वेगळी पिशवी शिवायची गरज नाही. बिजागरी लावून फळी दुमडती करण्याचा मोह या मापात टाळाच. पियानो बिजागरी कितीही नीट बसवली तरी मधल्या सांध्यावर कापडाखाली उंचवटा येतो, आणि पत्ते पसरताना पट्टा नेमका तिथेच अडतो.

प्लाय पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये किंवा घराजवळच्या सुताराकडे तुकड्यात मिळतो. फर्निचरच्या कामातून उरलेले तुकडे पुरतात. साधा एमआर (दमट हवेपुरता टिकणारा) प्लाय चालेल, पण कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका. कोकणात नाहीतर मुंबईत एका पावसाळ्यात कड फुगते आणि तिचे थर सुटू लागतात. कडेला प्रायमरचा एक हात द्या, मग सागाची पट्टी चिकटवा. तीन बाजूंची पट्टी कापडाच्या वर 5 मिमी उठलेली ठेवा, म्हणजे लोकरीचे गोळे घरंगळत प्रेक्षकांत जाणार नाहीत. चौथी, तुमच्या बाजूची, सपाट ठेवा. का ते पुढे येईलच.

जोडाकडे आता सावकाश बघू, कारण घरगुती टेबलं मोडतात ती इथेच.

सोपा म्हणून सगळीकडे सांगितला जाणारा उपाय म्हणजे टी-नट. फळीला भोक पाडायचं आणि दातांची चकती असलेली नट ठोकायची. यात दोन फसगती आहेत. नट खालून ठोकली तर स्क्रू आवळताना तो तिला लाकडाबाहेर ओढतो आणि आठ-दहा प्रयोगांत दात सुटतात. म्हणून ती वरून, कापडाखाली बसवावी लागते. पण वरून बसवली की दुसरी फसगत. ट्रायपॉडच्या डोक्यावरचा कॅमेऱ्याचा स्क्रू पाटाच्या वर जेमतेम पाच मिलिमीटर आलेला असतो. 12 मिमीच्या फळीत 8 मिमीची नट वरून गेली तर खालचे 4 मिमी पोकळ राहतात, आणि स्क्रूला पकडायला उरतो एकच मिलिमीटर. एका आट्यावर लटकलेलं टेबल घरात उभं राहतं. प्रयोगात राहत नाही.

त्याऐवजी अॅल्युमिनियमचा 75 बाय 75 मिमी, 6 मिमी जाडीचा तुकडा घ्या आणि लेथवाल्याकडून त्याच्या मधोमध 3/8 इंच, इंचाला 16 आट्यांचा टॅप मारून, म्हणजे भोकात आटे पाडून घ्या. टॅप मारायला देताना ट्रायपॉड सोबत न्या. नुसतं तोंडी सांगितलं तर 10 मिमीचा मेट्रिक टॅप मारला जाण्याची शक्यता असते. त्यात तीन सुती खुंट ढिला बसतो, आटे पुरते धरत नाहीत, आणि आवळायला गेलं की मऊ अॅल्युमिनियम सोलून निघतं. पाव इंचाच्या कॅमेरा स्क्रूचीही हीच कथा. दुकानात दोन सुती आणि 6 मिमीचे बोल्ट शेजारच्याच डब्यांत असतात. दोन सुतीला इंचाला 20 आटे, तर 6 मिमीला पंचवीसच्या थोडे वर. एक-दोन फेरे फिरतं, मग अडकतं. पाना लावून जोर केला तर ट्रायपॉडचे आटे जातात. जुन्या व्हिटवर्थ आट्यांचा दोन सुती किंवा तीन सुती बोल्ट मात्र चालून जातो. आट्याचा कोन थोडा वेगळा असला तरी इंचाला आटे तेवढेच असतात आणि आपला भार किरकोळ असतो.

हा अॅल्युमिनियमचा तुकडा थेट 9 मिमीच्या फळीला लावू नका. आधी त्याच प्लायचा 15 बाय 15 सेंटीमीटरचा चौकोन पांढऱ्या फेव्हिकॉलने फळीच्या खाली मधोमध चिकटवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. आता तिथे 18 मिमी जाडी झाली. त्यात मधोमध 10 मिमी व्यासाचं, 6 मिमी खोल आंधळं, म्हणजे आरपार न जाणारं, भोक पाडा, म्हणजे खुंटाचं टोक लाकडाला टेकून अडणार नाही. ड्रिलच्या पात्याला 6 मिमीवर टेप गुंडाळली की खोली चुकत नाही. मग चार पाऊण इंची स्क्रू. 19 मिमीतले 6 धातूत आणि 13 लाकडात जातात. चौकोन न लावता हेच स्क्रू मारले, तर चार मिलिमीटर टोकं वर मखमलीतून बाहेर येतील.

एक दोष तरीही उरतो. फळीला घड्याळाच्या उलट दिशेने धक्का बसत राहिला की ती सावकाश खुंटावरून सुटू लागते. फळीच्या प्रेक्षकांकडच्या अर्ध्या भागात उजव्या हाताने वस्तू डावीकडे ढकलायची सवय असलेल्यांना हा अनुभव लवकर येतो. उपाय ट्रायपॉडमध्येच असतो, पण कुणी सहसा बघत नाही. बऱ्याच ट्रायपॉडच्या वरच्या चकतीच्या खालच्या बाजूला तीन बारीक स्क्रू असतात. अॅलन कीने (षटकोनी टोकाच्या किल्लीने) ते वर आवळले की अॅल्युमिनियमच्या पाटीत रुततात आणि फळी फिरत नाही. ते नसतील तर मध्ये रबराचा पातळ वॉशर घाला. त्याने निम्मं काम होतं.

आता कलंडण्याचं गणित, कारण वाढदिवसाच्या कार्यक्रमात पहिला हल्ला टेबलावरच होतो. 85 सेंटीमीटर उंचीला ट्रायपॉडचे पाय मधल्या बिंदूपासून साधारण 38 सेंटीमीटरवर टेकतात. पण टेबल पायावर कलंडत नाही. ते दोन पायांना जोडणाऱ्या रेषेवर कलंडतं, आणि ती रेषा मध्यापासून निम्म्याच, म्हणजे 19 सेंटीमीटर अंतरावर असते. एक पाय प्रेक्षकांकडे आणि दोन आपल्याकडे ठेवले तर सगळ्यात कच्ची जागा म्हणजे पुढचे दोन कोपरे. ते या रेषेच्या जवळपास 16 सेंटीमीटर बाहेर जातात. अख्ख्या टेबलाचं वजन साडेतीन किलो धरलं, तर कोपऱ्यावर सव्वाचार किलो दाब आला की टेबल उचललं जातं. आठ वर्षांच्या मुलाचं कोपर पुरे. मधल्या दांड्याच्या हुकाला दोन लिटर पाण्याची बाटली टांगली की हाच आकडा साडेसहाच्या पुढे जातो. बाटली हॉलमध्येच भरता येते, घरून ओझं न्यायला नको. फळी 35 बाय 50 केली तर बाटलीशिवायच साधारण पाच किलोपर्यंत निभावतं. लहान मुलांचेच कार्यक्रम जास्त असतील तर ती छोटी फळी घ्या, किंवा पुढचे कोपरे सुताराकडून गोल करून घ्या.

पाय उलटे लावायचा, म्हणजे एक पाय आपल्याकडे ठेवायचा सल्लाही ऐकू येतो. तो मानू नका. त्या पायाला तुमचीच ठेच लागते. दोन पायांच्या मध्ये उभं राहायला जागा मिळते, हा या मांडणीचा मोठा फायदा. जड वस्तू, जग, लाकडी पेट्या, सगळं मागच्या दोन कोपऱ्यांत. तिथे ओझं त्या रेषेच्या आतच पडतं.

कापड. मुंबईत मंगलदास मार्केटला काळी मखमल डझनभर प्रकारांत दिसते आणि दुकानात सगळ्या सारख्याच काळ्या वाटतात. फोनचा टॉर्च तिरपा मारून बघा. पॉलिस्टरची मखमल चमकते आणि राखाडी दिसते, सुती मखमल प्रकाश गिळते. टेबलावर काळ्यावर काळं लपवायचा बेत असेल तर सुतीच हवी. तिलाही दिशा असते. हात एका बाजूने गुळगुळीत जातो, दुसऱ्या बाजूने खरखरीत. तुमच्या कडेकडून प्रेक्षकांकडे हात फिरवताना गुळगुळीत लागलं पाहिजे. मग तंतूंची टोकं प्रेक्षकांकडे झुकलेली असतात आणि त्यांना कापड जास्त गडद दिसतं. झालर आणि फळी यांची दिशा वेगळी झाली तर एकाच थानातून कापलेले दोन काळे रंग शेजारी शेजारी दिसतात. मग कापड उसवण्यावाचून गत्यंतर नसतं.

मखमलीखाली 3 मिमी ईव्हीए फोम किंवा निओप्रीन, म्हणजे माउसपॅडचं असतं ते. गादीचा स्पंज नको. त्यात पेले डुलतात आणि पत्ता उचलताना बोटाखाली खड्डा पडतो. फोम चिकटवायला फेव्हिकॉल एसआर. दोन्ही पृष्ठभागांना लावून दहा-पंधरा मिनिटं हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग एकदाच दाबायचं. पांढरा फेव्हिकॉल मखमलीखाली वापरू नका. तो कापडातून वर येतो आणि वाळल्यावर टणक चट्टा राहतो. मखमल फोमला चिकटवायचीच नाही. ती ताणून फळीच्या खाली वळवायची आणि टॅकरने ठोकायची. पिना 6 मिमीच्या. 9 मिमी प्लायला 8 मिमीच्याही चालतात, पण हात जरा जड पडला तर वर टोक जाणवतं.

वस्तू गुपचूप टाकायची मागची झोळी, जिला जुने लोक सर्व्हांट म्हणतात, तिच्यासाठीच चौथी कड सपाट ठेवली. आठ गेजच्या जीआय तारेची 25 बाय 12 सेंटीमीटरची चौकट करून तिच्यावर काळ्या कापडाची उथळ झोळी शिवा आणि दोन हुकांनी कडेच्या चार-पाच सेंटीमीटर खाली टांगा. कडेला अगदी लागून टांगली तर हात खाली गेल्यासारखा दिसतच नाही, पण वस्तू चौकटीवर आपटून बाहेर पडते. फार खाली नेली तर खांदा हलतो आणि तो शेवटच्या रांगेलाही दिसतो. तळाला 10 मिमी फोम हवाच. नाण्यांसाठी मध्ये फ्लॅनेलचा पडदा शिवा, नाहीतर दुसरं नाणं पहिल्यावर पडताना खण्ण वाजतं. चौकट काढता-घालता येणारी असू द्या. प्रयोगानंतर कुतूहलाने टेबलाभोवती फिरणाऱ्यांना काही दिसायला नको.

वस्तू गुपचूप सोडायचे फळीतले मखमली खळगे या टेबलात बसवता येतात, पण आमची शिफारस नाही. मधोमध चौकोन असल्यामुळे ते मागच्या पट्टीतच जातात. त्यातच दिवाणखान्यात छताचा दिवा सरळ खाली पडतो आणि खळग्याची कड उजळते. शिवाय आजचे फोन सावलीतलाही तपशील उजळून टिपतात. समोरच्याच्या डोळ्याला न दिसलेला खळगा संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर सगळ्यांना दिसतो. रंगमंच, समोरून प्रकाश, प्रेक्षक टेबलाच्या पातळीला, हे तिन्ही असेल तरच तो खटाटोप करावा.

झालर पुढून आणि बाजूंनी 40 सेंटीमीटरपर्यंत, वेल्क्रोने लावायची. जमिनीपर्यंत नेऊ नये. रॉबेर-उदाँ या फ्रेंच जादूगाराने 1845 मध्ये पॅरिसच्या पाले-रॉयालमध्ये स्वतःचं नाट्यगृह सुरू केलं, तेव्हा जमिनीपर्यंत झाकलेली टेबलं काढून साधी, खालून मोकळी टेबलं वापरली. झाकलेल्या टेबलाखाली माणूस असणारच, हे प्रेक्षकांना तेव्हाही कळत होतं. ट्रायपॉडचे उघडे पाय दिसणं हा आपला फायदाच आहे. झालरीच्या खालच्या दुमडीत पडद्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या शिवा. गच्चीवरच्या कार्यक्रमात ती झालर शिडासारखी वारा धरते आणि वरचं सगळं गणित बिघडवते. वारा जोरात असेल तर झालर बॅगेतच राहू द्या.

खर्चाचा मोठा भाग ट्रायपॉडचा. बाकी प्लाय, पाटी, फोम आणि मखमल त्या मानाने स्वस्त पडतात. नट, स्क्रू आणि हुकांसाठी मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठ. तयार टेबलं दिसायला याहून देखणी असतात यात शंका नाही. पण त्यांचा खांब किंवा बिजागरी बिघडली तर तोच भाग मिळवताना नाकी नऊ येतात. इथे ट्रायपॉड गेला तर दुसरा तीन सुती खुंटाचा कुठलाही ट्रायपॉड त्याच पाटीत बसतो.

देखभाल जुजबी. पावसाळ्यात फळी बॅगेत बंद ठेवू नका, मखमलीला बुरशीचा वास येतो आणि पांढुरके ठिपके पडतात. पायांचे रबरी बूच वर्षभरात कडक होऊन फरशीवर घसरू लागतात. ते बदला, किंवा खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवा. आणि अॅलन की फळीच्या खाली टेपने चिकटवून ठेवा. बॅगेच्या खिशात ठेवली तर ती नेमकी दुसऱ्या बॅगेच्या खिशात असते.